मन लागत नाहीये, उठवत नाहीये, अभ्यास तुंबलाय, तर आज दुपारपासून काय करायचं

सेकंड इयरला मी सलग अकरा दिवस लेक्चरला गेले नव्हते. ताप नव्हता, कुणाशी भांडण नव्हतं, ब्रेकअप वगैरे पण काही नाही. सकाळी अलार्म वाजायचा, मी बंद करायचे आणि छताकडे बघत पडून राहायचे, डोक्यात एवढंच की आजचा दिवस तर गेलाच, उद्यापासून नीट सुरू करू. मैत्रिणीने विचारलं की सांगायचे जरा सर्दी झालीये. त्या दिवसांत नेटवर बरंच वाचलं होतं, पण सगळीकडे डिप्रेशन म्हणजे काय, कारणं काय, लक्षणं काय हेच, आणि मला हवं होतं ते वेगळंच, की बाई गं आत्ता दुपारचे दोन वाजलेत, मी अजून दात घासलेले नाहीत, आता नेमकं काय करू. म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, त्यातून गेलेली, थेरपी घेतलेली आणि काही महिने गोळ्याही घेतलेली एक माजी विद्यार्थिनी आहे एवढंच.

आधी एक गोष्ट, बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल. मी नसले तर बरं होईल असे विचार येत असतील, आणि त्यातही कसं, कधी हे डोक्यात ठरायला लागलं असेल तर आत्ताच्या आत्ता कुणाला तरी फोन करा. घरचे, रूममेट, तुमच्याकडची इमर्जन्सी किंवा आत्महत्या प्रतिबंध हेल्पलाइन, कुणीही. फोन जमत नसेल तर शेजारच्या खोलीचं दार वाजवा आणि "मला एकटं राहायची भीती वाटतेय" एवढं एकच वाक्य बोला. ज्या वस्तूने काही करून घ्यायचा विचार येतोय ती खोलीतून बाहेर काढायला सांगा. हा विचार लाटेसारखा येतो, वर चढतो आणि उतरतो, ती लाट उतरेपर्यंत कुणीतरी सोबत असणं हेच त्या वेळचं काम, दुसरं काही नाही. आणि सोबत असूनही उतरत नसेल तर त्यांनाच घेऊन सरळ जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा, अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही.

आता नुसता मूड खराब आहे की डिप्रेशन आहे हे कसं ओळखायचं. पेपर वाईट गेला, चार दिवस रडू आलं, पाचव्या दिवशी मित्रांबरोबर हसलात, हे दुःख आहे आणि ते नॉर्मल आहे. डॉक्टर मंडळी बघतात ते असं, की सलग दोन आठवडे, बहुतेक दिवस, दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास आहे का, किंवा ज्यात आधी रस होता त्यातला रसच गेलाय का, या दोनपैकी एक तरी हवं. आणि त्याच्या जोडीला झोप कमी किंवा जास्त होणं, भूक किंवा वजन बदलणं, अंगात शक्ती नसणं, हालचाल मंदावणं किंवा उलट अस्वस्थपणा, लक्ष न लागणं, आपण बिनकामाचे आहोत असं वाटणं, मरणाचे विचार येणं. अशी एकूण नऊ लक्षणं धरतात आणि त्यातली पाच असली, त्यामुळे रोजचं काम अडायला लागलं तर डिप्रेशन म्हणतात. यात रडू येणं हवंच असं नाही हे लक्षात घ्या. मला रडू येतच नव्हतं, मला काहीच येत नव्हतं, कुणी वाढदिवसाचं सरप्राइज दिलं तरी आत सगळं सपाट. काही जणांचं तर उदासी दिसतच नाही, नुसती चिडचिड दिसते.

पीएचक्यू-९ नावाची एक छोटी प्रश्नावली आहे, २००१ मध्ये आलेली, जगभर डॉक्टर वापरतात आणि ती फुकट मिळते. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ मार्क, एकूण २७. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून जरा गंभीर आणि वीसपासून गंभीर असं साधारण धरतात. त्यावरून निदान होत नाही, ते डॉक्टरच करणार, पण दहा किंवा जास्त आले तर भेटायला जा आणि शेवटच्या, म्हणजे मरणाच्या विचारांच्या प्रश्नाला शून्य सोडून काहीही उत्तर आलं तर एकूण कितीही असो, कुणाला तरी सांगा. मला सोळा आले होते आणि मी काय केलं, तर पुन्हा भरली, जरा "प्रामाणिकपणे" म्हणजे कमी मार्क देऊन, मग अकरा आले. असं करू नका प्लीज.

त्या यादीतलं लक्ष न लागणं विद्यार्थ्यांनी परत एकदा वाचा. एकच पान चार वेळा वाचलं तरी डोक्यात शिरत नाही, याला आपण मूर्खपणा किंवा आळस म्हणतो, पण ते लक्षण आहे. खोकला जसा लक्षण आहे तसंच. मला हे कळायलाच तीन महिने लागले, तोवर मी स्वतःला रोज शिव्या देत होते आणि शिव्या दिल्याने काय होतं तर पुस्तक उघडायची भीती अजून वाढते.

मूड आधी की काम आधी

ही गोष्ट माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. आपण काय म्हणतो, की मूड ठीक झाला की करीन, मन लागलं की बसेन. डिप्रेशनमध्ये हा क्रम चालत नाही, कारण मन लागण्याची जी यंत्रणा आहे तीच बंद पडलीये. वर एक चक्र सुरू होतं. लेक्चर चुकलं, मग सर काय म्हणतील याची भीती, म्हणून पुढचंही टाळलं, टाळल्या टाळल्या पाच मिनिटं हायसं वाटलं, आणि हे हायसं वाटणंच घात करतं, कारण डोकं शिकतं की टाळलं की सुटका होते. मग असाइनमेंट टाळली, मेसेज टाळले, मैत्रिणी टाळल्या, आणि दिवसात चांगलं वाटायला लावणारी एकही गोष्ट उरली नाही, आणि मग मूड अजून खाली. पीटर लेविनसन या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात हेच मांडलं, की माणूस उदास होतो तसा आनंद देणाऱ्या गोष्टींपासून तुटतो आणि तुटतो म्हणून अजून उदास होतो. पुढे १९९६ मध्ये नील जेकबसन आणि त्यांच्या टीमने तपासलं की सीबीटी नावाच्या, विचार आणि वागणं दोन्हीवर काम करणाऱ्या थेरपीतला नुसता "कामाला लागा"वाला भाग वेगळा काढून दिला तर काय होतं, तर तेवढ्या भागानेही लोकांना पूर्ण थेरपीइतकाच फरक पडला. म्हणजे उलट्या बाजूने शिरायचं. आधी हातपाय हलवायचे, मन मागून येईल, कधी चार दिवसांनी कधी तीन आठवड्यांनी.

आता हे ऐकून "उठ आणि कामाला लाग" म्हणणारे काका आठवले असतील तर थांबा, ते हे नाहीये. काका म्हणतात सगळं कर. इथे करायचं असतं इतकं छोटं की लाज वाटावी.

पहिले तीन-चार दिवस काहीच बदलायचं नाही. फक्त एका कागदावर दर दोन तासांनी काय करत होतो ते लिहायचं आणि पुढे मूडला शून्य ते दहा मार्क. माझ्या कागदावर एक मजेशीर गोष्ट दिसली, मला वाटायचं दिवसभर मूड सारखाच दोन असतो, पण फोन घेऊन दोन तास लोळल्यावर एक होता आणि एकदा लायब्ररीत पुस्तक परत करायला चालत गेले होते, दंड वाढत होता म्हणून नाइलाजाने, तेव्हा चार. चार म्हणजे काही फार नाही, पण दोनच्या दुप्पट आहे. ते बघितल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की अरे हे हलतंय.

मग रोज दोनच गोष्टी ठरवायच्या. एक अशी जी कधी काळी आवडायची, आणि एक अशी जी केल्यावर "झालं बुवा एक" असं वाटतं. आवडीची म्हणजे एक गाणं गच्चीवर उभं राहून ऐकणं, चित्र काढणं, मांजराशी खेळणं, काहीही. दुसरी म्हणजे कपडे घडी करणं, एका मेलला उत्तर देणं. त्यांना वेळ द्यायचा, साडेचार म्हणजे साडेचार, आणि साडेचारला मूड असो नसो ते करायचं. "अभ्यास करणे" ही गोष्ट लिहायचीच नाही, ते काम नाही ते ओझं आहे. "टेबलाशी बसून दुसऱ्या युनिटची नोट्स उघडणे" हे काम. दहा मिनिटं करायचं आणि दहा मिनिटांनी उठायची पूर्ण परवानगी, खरोखरची परवानगी, स्वतःला फसवायचं नाही, नाहीतर पुढच्या वेळी मन विश्वास ठेवत नाही. आणि करून झाल्यावर "मजा आली का" विचारू नका, सुरुवातीला येतच नाही. झालं की नाही एवढंच बघायचं आणि टिक करायची. माझा पहिला आठवडा चौदापैकी पाच टिका.

झोपेबद्दल लोक सांगतात रात्री लवकर झोपा, पण झोप काही आपल्या हातात नसते, उठणं थोडंफार असतं. म्हणून उठायची वेळ एक धरा, सुट्टीच्या दिवशी पण तीच, रात्री कितीही वाजता झोपला असाल तरी. उठल्यावर पहिल्या तासाभरात बाहेरच्या उजेडात दहा-पंधरा मिनिटं, खिडकीतला उजेड आणि बाहेरचा उजेड यात खूप फरक असतो, ढगाळ असलं तरी बाहेर जास्तच असतो आणि शरीराचं घड्याळ त्यावरच लागतं. दिवसा पलंगावर बसायचं नाही, अभ्यास तर नाहीच. रात्री वीसेक मिनिटं झोप आली नाही तर उठून खुर्चीत बसायचं, काहीतरी कंटाळवाणं वाचायचं आणि डोळे जड झाले की परत. कॉफीतल्या कॅफिनचा निम्मा भाग उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सहाची कॉफी रात्री अकराला अर्धी शिल्लक असते, तेव्हा दुपारनंतर बंद. दारूने झोप लागल्यासारखी वाटते पण मध्यरात्री तुटते आणि दुसऱ्या दिवशी मूड अजून खाली, ते सोडाच. जेवण वेळेवर, अंघोळ जमली तर अंघोळ, नाही जमली तर तोंड धुऊन कपडे बदलणं. व्यायामाचा उपयोग होतो हे अभ्यासांतून दिसलंय पण जिम वगैरे राहू द्या, वीस मिनिटं चाला, कुणाला तरी सोबत घेऊन असेल तर अजून बरं.

डोक्यातला रवंथ

रात्री दोन वाजता आपण जे करतो त्याला आपण विचार म्हणतो, पण गाय जशी तेच गवत परत वर आणून चघळते तसं ते असतं. असं का झालं, मीच अशी का, बाकीच्यांना जमतं मला का नाही. सुझन नोलेन-होकसेमा या मानसशास्त्रज्ञ बाईंनी कित्येक वर्षं यावरच संशोधन केलं आणि त्यातून दिसलं की असा रवंथ करणाऱ्यांची उदासी जास्त वाढते आणि जास्त टिकते. ओळखायची माझी सोपी खूण सांगते. दहा मिनिटं विचार करून पुढे काय करायचं याचं एक तरी पाऊल हाती लागलं का. लागलं तर तो विचार. नाही लागलं तर रवंथ, आणि मग तो सोडवायचा नाही, जागा सोडायची. उठून पाणी प्यायचं, दुसऱ्या खोलीत जायचं, हाताला काहीतरी काम द्यायचं.

ॲरन बेक या मानसोपचारतज्ज्ञाने १९६० च्या दशकात एक गोष्ट टिपली होती, की डिप्रेशनमधला माणूस तीन गोष्टींबद्दल काळं बोलतो, स्वतःबद्दल, जगाबद्दल आणि भविष्याबद्दल. मी वाईट, कुणाला माझी पडली नाही, पुढे काही होणार नाही. तुमच्या डोक्यातलं वाक्य या तीनपैकी कुठल्या खणात बसतं बघा, बसतंच. मग ते जसंच्या तसं कागदावर लिहा, "मी नापास होणार आणि सगळं संपणार", आणि खाली दोन ओळी, हे खरं मानायला काय आहे माझ्याकडे आणि याच्या विरुद्ध काय आहे. शेवटी, हेच वाक्य मैत्रीण बोलली असती तर तिला काय म्हणाले असते. पॉझिटिव्ह विचार करायचा नाहीये इथे, ते भिंतीवरचे कोट्स मला तर उलट अजून एकटं पाडायचे. फक्त खरं काय ते बघायचं, खरं बहुतेक वेळा "दोन विषय अवघड आहेत, तीन निघतील" असलं काहीतरी बोरिंग असतं.

तुंबलेल्या अभ्यासाचं

डोक्यात जेवढं तुंबलंय ते सगळं एका कागदावर उतरवा, हे करताना पोटात गोळा येईल, मला आला होता, म्हणून मैत्रिणीला शेजारी नुसतं बसायला बोलवलं, ती तिचं काहीतरी वाचत होती. मग तीन ढीग. ज्यांची तारीख हलणार नाही, ज्यांना मुदत मागता येते, आणि जे सोडून द्यायचं. तिसरा ढीग रिकामा ठेवू नका. सगळं करणार म्हटलं की काहीच होत नाही, आजारी माणूस पूर्ण वजन उचलत नाही.

मुदत मागायची तर तारखेच्या आधी मागा, नंतर मागितली तर ते कारण वाटतं. मेल लिहायला दोन दिवस लागतात कारण आपण त्यात आयुष्य लिहायला बसतो, म्हणून हा घ्या, कॉपी करा: "सर/मॅडम, गेले काही आठवडे माझी तब्येत बरी नाही आणि मी त्यासाठी मदत घेत आहे. त्यामुळे असाइनमेंट वेळेत पूर्ण होणार नाही. मला एक आठवड्याची मुदत मिळू शकेल का? गरज असल्यास डॉक्टरांचं पत्र देऊ शकेन." मदत घेणं अजून सुरू केलं नसेल आणि डॉक्टरला भेटला नसाल तर मदतीचा आणि डॉक्टरांच्या पत्राचा भाग गाळा, पण भेटा. मनाची तब्येत असं लिहायलाच पाहिजे असं नाही, तब्येत ती तब्येतच.

वाचायला बसलात की पंधरा मिनिटं वाचा, पुस्तक बंद करा, आठवेल ते लिहा, मग उघडून बघा काय सुटलं. नुसतं परत परत वाचण्यापेक्षा हे डोक्यात जास्त राहतं आणि दिवसाच्या शेवटी हातात कागद असतो की काहीतरी केलं. आणि वर्ष सोडू का, कोर्स बदलू का असले मोठे निर्णय सगळ्यात खालच्या दिवशी घेऊ नका. गॅप घेणं चूक नाही, कधी कधी तेच बरोबर असतं, पण तो निर्णय दोन-तीन बऱ्या दिवसांत, कुणाशी तरी बोलून.

सांगायचं कुणाला आणि कसं. सगळ्यांना नाही, एकाला. समोरासमोर जमत नसेल तर मेसेज. "मला दोन-तीन आठवडे मनाने बरं वाटत नाहीये. सल्ला नको, फक्त माहीत असू दे." आणि जमलं तर एक नेमकं काम मागा, "रोज नऊला फोन करून उठलीस का विचार". नेमकं काम दिलं की लोकांना बरं वाटतं, नाहीतर तेही बिचारे गोंधळतात. समोरून "सगळ्यांनाच टेन्शन असतं" असं आलं तर ते त्या माणसाचं अपुरेपण, तुमच्या आजाराचं मोजमाप नाही, दुसऱ्याकडे जा. घरी सांगताना मी लक्षणं सांगितली, नाव नाही. झोप येत नाही, भूक नाही, वजन कमी झालं, लक्ष लागत नाही, डॉक्टरकडे जायचंय. डिप्रेशन हा शब्द डॉक्टरनेच उच्चारला आणि मग तो घरच्यांना पचला.

डॉक्टरकडे जाताना तो मूडचा कागद न्या, कारण समोर बसलं की आपण "ठीक आहे तसं" म्हणतो. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ या रक्ततपासण्यांबद्दल विचारा, तिथे गडबड असली तरी असाच थकवा आणि उदासी येऊ शकते. पाळीच्या आधीच्या आठवड्यातच हे होत असेल तर तेही सांगा. आणि एक फार महत्त्वाचं, आयुष्यात कधी असे दिवस आले असतील की झोप कमी होऊनही अंगात प्रचंड जोर, बोलणं थांबत नाही, पैसे उडवले, तर ते नक्की सांगा, बायपोलर, म्हणजे कधी डिप्रेशन तर कधी असा अति जोर येणारा आजार, असेल तर उपचार वेगळा असतो आणि नुसत्या डिप्रेशनच्या गोळ्यांनी उलटं होऊ शकतं. काउन्सेलर आणि सायकॉलॉजिस्ट बोलून उपचार करतात, गोळ्यांचं सायकायट्रिस्ट बघतात. सौम्य असेल तर बोलण्यानेच बऱ्याचदा भागतं.

गोळ्यांबद्दल माझ्या मनात फार भीती होती म्हणून सांगते. नेहमीच्या अँटिडिप्रेसंट्सची दारूसारखी तलफ लागत नाही, पण अचानक बंद केल्या तर चक्कर, अस्वस्थता असा त्रास होतो म्हणून डॉक्टरच हळूहळू कमी करतात. फरक जाणवायला दोन ते चार आठवडे, पूर्ण परिणामाला सहा-आठही लागतात, आणि मळमळ, डोकेदुखी मात्र पहिल्याच आठवड्यात येते, म्हणजे तोटा आधी फायदा नंतर, तिथेच बरेच जण सोडतात. पंचवीसच्या आतल्यांना सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, सगळ्यांना नाही, पण तसं झालं किंवा खूप अस्वस्थ वाटलं तर लगेच डॉक्टरला कळवायचं आणि घरातल्या एकाला हे आधीच सांगून ठेवायचं. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने चालू ठेवायला सांगतात. आणि पहिला काउन्सेलर पटला नाही तर बदला. माझ्या पहिल्या बाईंनी मला टाइमटेबल करायला लावलं, रंगीत पेनांनी, मी तीन सेशन्स गेले आणि बंद केलं, चार महिने वाया गेले कारण मला वाटलं थेरपी म्हणजे हेच.

हे तुम्ही मित्रासाठी वाचत असाल तर त्याला सरळ विचारा, "मरायचे विचार येतात का". विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर एकटं सोडू नका आणि गुपित ठेवायचं वचन देऊ नका.

बरं होणं सरळ रेषेत नसतं, तिसऱ्या महिन्यात मी एकदम मस्त होते आणि चौथ्यात परत पाच दिवस पलंगावर. तेव्हा वाटलं सगळं पहिल्यापासून, पण तसं नव्हतं, यावेळी पाच दिवस होते, अकरा नाही. त्यानंतर मी माझ्या खुणांची यादी केली, मेसेज न उघडता साठवणं, दोन दिवस तेच कपडे, पडदे न उघडणं. ती बहिणीकडे पण आहे. यातल्या दोन खुणा सलग तीन दिवस दिसल्या की मी तिला फक्त "दोन" असं टाइप करून पाठवते, ती काही विचारत नाही, संध्याकाळी फोन करते आणि म्हणते चल, चप्पल घाल, मी फोनवर आहे, खाली उतर.